कलेचा भाव

आमच्या पुण्यात कलेवर बोलणाऱ्यांची टंचाई कधीच पडलेली नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून हे शहर व्याख्याने ऐकत आले आहे आणि वक्ता नेमका कुठे चुकला, हे घरी जाताना एकमेकांना सांगत आले आहे. संमेलने, महोत्सव, करंडक आणि सत्कार यांनी आमचे पंचांग भरलेले असते. परंतु कलेवर ज्यांचे पोट चालते त्यांच्या पोटाविषयी चारचौघांत बोलायची वेळ आली, की हेच वाचाळ शहर एकाएकी सोवळे नेसते. पैशाचा उल्लेख झाला, की सभागृहात कोणीतरी चप्पल घालून देवघरात शिरल्यासारखे चेहरे होतात.

मराठीत ‘भाव’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक रसिकाचा, दुसरा मंडईतला. आम्ही पुणेकरांनी यांपैकी पहिला कलेला दिला आणि दुसरा भाजीला. माझे म्हणणे एवढेच आहे, की ही वाटणी खोटी आहे. आणि तिच्यावर उभी असलेली प्रत्येक चर्चा ही चर्चा नसून एक समारंभ आहे.

हे लिहिण्याचे निमित्त सांगतो. गेल्या काही वर्षांत ‘सर्जनशील अर्थव्यवस्था’ नावाचा एक भारदस्त शब्दप्रयोग आमच्याकडे येऊन पोहोचला आहे. युनेस्कोने २००४ साली ‘सर्जनशील शहरां’ची एक साखळी सुरू केली. त्या साखळीत २०१५ साली जयपूर व वाराणसी आली, २०१७ साली चेन्नई आली, २०१९ साली मुंबई व हैदराबाद आली, २०२१ साली श्रीनगर आले. मग ‘पुणे कधी?’ हा प्रश्न पडणे ओघानेच आले. आणि प्रश्न पडला की परिसंवाद भरवायचा, ही आमची रीत. अशा बैठकांचे सूत्रसंचालन करण्याचे काम माझ्याकडे अनेकदा आले आहे. त्यामुळे व्यासपीठावरून खाली पाहिल्यावर काय दिसते आणि खालून वर पाहिल्यावर काय दिसते, या दोन्ही गोष्टी मला ठाऊक आहेत.

वरून दिसते ते असे. प्रथम दीपप्रज्वलन. मग शाल, श्रीफळ आणि पुणेरी पगडी. मग पहिले भाषण वारशावर, दुसरे पर्यटनावर, तिसरे तरुण पिढीच्या प्रतिभेवर. प्रवेशद्वाराशी एका टेबलावर तांब्याचा कलश आणि बांबूची परडी मांडून ठेवलेली असते. ज्यांनी ती घडवली ते शेवटच्या दोन रांगांत बसलेले असतात. त्यांच्या नावासमोर कार्यक्रमपत्रिकेत ‘मनोगत’ असा शब्द छापलेला असतो. इतरांचे ते ‘विचार’, यांचे ते ‘मनोगत’! आणि हे मनोगत ऐकण्याची वेळ येते तेव्हा दुपारचा दीड वाजून गेलेला असतो, भातावरचे झाकण निघालेले असते आणि संचालकाच्या हातात ‘कृपया थोडक्यात’ अशी चिठ्ठी सरकवली जाते.

अशाच एका बैठकीत एक वयस्कर कारागीर उभे राहिले. कोणत्या संस्थेची बैठक, ते सांगण्याचे कारण नाही. नाव बदलले तरी वर्णन बदलणार नाही. ते म्हणाले, “साहेब, वारसा-बिरसा ठीक आहे. मागच्या प्रदर्शनाला आमचा माल नेला होता, त्याचे पैसे कधी मिळतील?” सभागृहात क्षणभर शांतता पसरली. यजमानांपैकी एक गृहस्थ अतिशय सौजन्याने म्हणाले, “काका, तो विषय आपण नंतर बोलू.” मी त्याच वेळी तो विषय आधी घेतला आणि यजमानांची नाराजी पत्करली. कारण माझ्या मते त्या दिवसाच्या साऱ्या बैठकीत तेवढा एकच विषय निघाला होता. बाकीचे सगळे निवेदन होते.

आता त्या पगडीचेच पाहा. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आम्हाला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण गेल्या वर्षभरात पुण्यातल्या सभागृहांतून जेवढ्या मस्तकांवर ती पगडी चढली, त्या मस्तकांपैकी किती जणांनी ती बांधणाऱ्याला एका पगडीमागे काय मिळते असे विचारले? मानांकन वस्तूला मिळते, मान पाहुण्याला मिळतो. बांधणाऱ्याला काय मिळते, हा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे ठरते. ज्या शहरात हा प्रश्न असभ्य ठरतो, त्याने आपल्या सर्जनशीलतेच्या गप्पा मारू नयेत.

वास्तविक आमची भाषा या बाबतीत इतकी सोवळी नाही. तांबटाला मिळते ती घडणावळ. गवयाला मिळते ती बिदागी. नटाची असते ती नाईट. तमाशाच्या फडाला देतात ती सुपारी. शिंप्याची शिलाई, लेखकाचे मानधन, हमालाची हमाली. प्रत्येक धंद्याने आपल्या मोबदल्याला स्वतंत्र नाव दिले, कारण प्रत्येक धंद्यात त्यावरून घासाघीस झाली, भांडणे झाली आणि त्या भांडणांतूनच रीत ठरली. परिसंवादात मात्र या सगळ्या शब्दांच्या जागी एकच गुळगुळीत शब्द वापरला जातो: ‘योगदान’. योगदान म्हटले, की त्याचे पैसे मागता येत नाहीत. शब्दाची ही निवड निष्पाप आहे असे मला वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो रसिकांचा. ते म्हणतात, “कला म्हणजे काय भाजी आहे, तिला तागडीत घालायला?” हा आक्षेप करणारे बहुधा बालगंधर्वांचे नाव घेतात. पुण्यात ते नाव घेतले की वाद संपतो असा समज आहे. मी त्याच नावापासून वाद सुरू करतो. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्या मंडळीतले शालू, अत्तरे, झगमगते पडदे यांच्या कथा आमच्या घराघरांतून आजही गहिवरून सांगितल्या जातात. हिशेब न ठेवणारा राजा माणूस, असे त्यांचे चित्र आम्ही रंगवले. पण न ठेवलेला हिशेब नाहीसा होत नाही. तो कर्जाच्या रूपाने परत येतो, आणि तसाच तो आला. १९६२ साली त्यांच्याच हस्ते जंगली महाराज रस्त्यावरच्या रंगमंदिराची कोनशिला बसली. १९६७ साली ते गेले. १९६८ साली रंगमंदिर उघडले. शहराने त्यांच्या नावाची वास्तू उभारली, याचे श्रेय शहराला जरूर द्यावे. पण ज्या कलावंताच्या बेहिशेबीपणावर आम्ही इतके प्रेम केले, त्याच्या उतारवयातील विवंचनेवर आम्हाला काही करता आले नाही, हेही लिहून ठेवावे. बेहिशेबीपणाचे कौतुक नेहमी प्रेक्षकालाच परवडते.

अलीकडे तेच रंगमंदिर पाडून नवे बांधण्याची योजना महापालिकेने पुढे आणली, तेव्हा शहरात मोठा वाद झाला. त्या वादात स्मृती, वास्तुशिल्प आणि वाहनतळ यांचे आवाज मोठे होते. रंगमंदिर बंद राहिले तर नेपथ्य लावणाऱ्याच्या, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याच्या, कपडेपट पाहणाऱ्याच्या किती नाईट बुडतील, हा हिशेब मात्र दबलेल्या आवाजातच ऐकू येत राहिला. मी स्वतः स्मृतीच्या बाजूचा आहे. पण स्मृतीला भाडे द्यावे लागत नाही. त्या माणसाला द्यावे लागते.

कलेला हिशेब मानवत नाही म्हणणाऱ्यांना मी प्रभात फिल्म कंपनीकडे बोट दाखवीन. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली ही कंपनी १९३३ साली पुण्यात आली. तिचे मालक पाच भागीदार. त्यांपैकी दामले आणि फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली रंग, लाकूड आणि यंत्र हाताळत तयार झालेले. सुतार, रंगारी, वादक, नट, रसायनशाळेतले कामगार, सगळे एका आवारात आणि महिन्याच्या पगारावर. याच आवारातून १९३६ साली ‘संत तुकाराम’ बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पगारपत्रक होते म्हणून तुकोबांची भक्ती पातळ झाली, असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. १९५३ साली प्रभात बंद पडली आणि १९६० साली त्याच जागेत चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था आली. पुणेकर त्या जागेकडे आज वैभव म्हणून पाहतात. माझ्या लेखी तिथले खरे वैभव म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुताराला आणि नटाला एकाच खिडकीतून मिळणारा पगार.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. ते म्हणतात, “पैशाचा विषय काढला की सभेत भांडणे होतात, आणि मूळ चर्चा बाजूला राहते.” मी विचारतो, भांडण टाळायचे असेल तर सभा कशाला? भांडण टाळण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे आपले घर. आणि घाबरवणाऱ्या प्रश्नांना सामोरे जाणाऱ्या सभांची याच शहराला एकेकाळी ओळख होती. १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा नियम असा, की जो सभासद होऊ इच्छितो त्याने निदान ५० लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. अशी पत्रे घेऊन ९५ जण आले. त्यांच्यामागे सुमारे ६,००० माणसांच्या सह्या होत्या. १८७६-७७ च्या दुष्काळात या सभेने तालुक्यातालुक्यांत माणसे पाठवून खरी हकिकत गोळा केली आणि ती सरकारपुढे ठेवली. दुसऱ्याच्या वतीने बोलायचे तर त्याची सही आण, आणि सांगायचे ते पाहून सांग. हे दोन साधे नियम आजच्या परिसंवादांना लावले, तर निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होतील आणि शेवटच्या दोन रांगा पुढे येतील.

अर्थात त्या काळचे सगळेच गोड होते असे मी म्हणत नाही. १८७८ साली रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ साली दुसरी. त्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले आणि त्यांनी ते नाकारले. त्यांच्या पत्राचा आशय असा, की जे आमच्या माणूसपणाचे हक्क मान्य करीत नाहीत, ज्यांच्या ग्रंथांत आमच्या भावनांना जागा नाही, त्यांच्या सभेत मिसळून आमचे काय हित होणार? हे पत्र आज आम्ही गौरवाने उद्धृत करतो. पण त्यातला प्रश्न आमच्या सभेला लावून पाहत नाही. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. दगड-चुन्याचा भाव आणि मजुराची मजुरी त्यांना ठाऊक होती. निमंत्रणपत्रिकेवर नाव छापले म्हणजे जागा दिली असे होत नाही, हे त्यांनी इतक्या वर्षांपूर्वी ओळखले. आमचा तांबट, आमचा बुरूड आजही पत्र लिहीत नाही. तो नुसता पुढच्या वेळी येत नाही. मग आम्ही म्हणतो, “या लोकांना आस्थाच नाही!”

मला हवी आहे तशी सभा पाहायची असेल तर फार लांब जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात नारायणगाव आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी येतात, यात्रेची तारीख सांगतात, फडमालक सुपारीचा आकडा सांगतो, घासाघीस होते, विसार दिला जातो, कागद होतो. तिथे कोणी दिवा लावीत नाही आणि कोणी कोणाच्या योगदानाविषयी बोलत नाही. नारायणगाव म्हणजे स्वर्ग नव्हे. फडमालक सावकाराच्या कर्जात असतो, कलावंत फडमालकाच्या उचलीत. २०२० आणि २०२१ साली यात्राच भरल्या नाहीत, तेव्हा हा सगळा डोलारा कसा कोसळला ते महाराष्ट्राने पाहिले. त्याच गावच्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा अखेरच्या आजारपणातही पैशाची ओढाताण सुटली नव्हती. आज त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते! पण एवढे सगळे असूनही राहुटीतल्या त्या व्यवहारात एक प्रतिष्ठा आहे, जी आमच्या वातानुकूलित सभागृहात नाही. तिथे कलावंताच्या रात्रीला किंमत आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य असते. वाद असतो तो किती, एवढाच.

आणि पुण्यातच पाहायचे असेल तर कलावंतांनी हमालांकडे जावे. हे वाक्य काहींना झोंबेल; झोंबावे म्हणूनच ते लिहिले आहे. डॉ. बाबा आढावांनी पाठीवर पोती वाहणाऱ्यांची पंचायत उभी केली, आणि हमालीचा दर हा शेटजींच्या मर्जीचा नव्हे तर चर्चेने ठरवण्याचा विषय झाला. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. १९९३ साली याच शहरात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांची पंचायत निघाली. ज्यांच्याकडे शहर नाक दाबून पाहत होते, त्यांनी आपण किती कचरा उचलतो आणि त्यातून पालिकेचा किती खर्च वाचतो, हा हिशेब शहरापुढे मांडला, आणि २००८ साली त्यांच्याच सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. रस्त्यावर बसणाऱ्या विक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या कायद्याने तर असे ठरवले, की शहराच्या विक्रेता समितीत निदान ४० टक्के जागा निवडून आलेल्या विक्रेत्यांच्या असल्या पाहिजेत. हमाल, कचरावेचक, फेरीवाले यांनी जे मिळवले ते आपल्या कामाची थोरवी सांगून नव्हे. वजन सांगून, दर सांगून, संख्या सांगून. कलावंत मात्र अजून थोरवीच सांगतो आहे.

तेव्हा पुण्याच्या कलाव्यवहारावर खरोखर बोलायचेच असेल, तर माझ्या मते सभेचे चार नियम असावेत.

पहिला नियम जागेचा आणि वेळेचा. सभा कसबा पेठेतल्या एखाद्या शाळेत भरवावी. तांबट आळी आणि कुंभारवाडा तिथून चालत येतील. वेळ संध्याकाळची ठेवावी. ज्याची मजुरी नगावर ठरते त्याला सकाळी अकराला बोलावणे म्हणजे त्याच्या खिशातून सभा भरवणे होय. दिवसाच बोलावायचे तर रोज भरून द्यावा. वक्त्याला पाकीट देता येते, तर त्यालाही देता येईल.

दुसरा नियम क्रमाचा. आधी घडवणारे बोलतील, मग विकणारे, मग विकत घेणारे, आणि सर्वांत शेवटी अधिकारी. अधिकाऱ्याने उद्घाटन करून ‘पुढच्या कार्यक्रमाला’ निघून जाण्याची प्रथा बंद व्हावी. ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याने प्रश्न ऐकायला थांबायचे असते.

तिसरा नियम फळ्याचा. सभेची सुरुवात एका वस्तूच्या हिशेबाने व्हावी. मठारकाम केलेला तांब्याचा एक हंडा घ्यावा आणि सर्वांसमोर खडूने लिहावे: पत्र्याचे किती, भट्टीचे किती, घडणावळ किती, कल्हईचे किती, व्यापाऱ्याचे किती, प्रदर्शनातल्या गाळ्याचे भाडे किती, गिऱ्हाईकाने मोजले किती. मग नाटकाचा एक प्रयोग घ्यावा, मग पुस्तकाची एक आवृत्ती. ज्याचा आकडा असेल त्यानेच तो उठून सांगावा. तासाभरात त्या फळ्यावर जे दिसेल ते दहा परिसंवादांच्या अहवालांत सापडणार नाही. आणि आकडा सांगायला कोण कचरतो, तेही दिसेल. तीच त्या सभेची खरी माहिती.

चौथा नियम सूत्रधाराचा, म्हणजे माझ्यासारख्यांचा. आमच्या जुन्या नाटकांत सूत्रधार नांदी झाल्यावर दोन शब्द बोलतो, पात्रांना वाट करून देतो आणि आत जातो. आमच्या सभांतला सूत्रधार शेवटपर्यंत रंगमंचावरच राहतो. प्रत्येकाच्या बोलण्याचा सारांश सांगतो, आणि त्या सारांशातून नेमका पैसा गाळतो. त्याने सारांश करू नये. बोलणाऱ्याचा शब्द आहे तसा लिहून घ्यावा, कोणी कोणाला काय देण्याचे कबूल केले ते वाचून दाखवावे आणि पुढच्या सभेची तारीख सांगावी. त्या तारखेला पहिला प्रश्न एकच: मागच्या वेळी कबूल केले त्याचे काय झाले?

कोणी म्हणेल, “दुसऱ्यांना शिकवणे सोपे आहे, हा लेख ज्या अंकात छापला त्याचे काय?” बरोबर आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’कार मित्रांनी पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून हा अंकच मराठीतला सर्वांत मोठा कुटीरोद्योग होऊन बसला आहे. कथेला किती, कवितेला किती, मुखपृष्ठाच्या चित्राला किती, जुळणीला आणि बांधणीला किती, आणि ते कधी, हे प्रश्न दर दिवाळीला लेखक एकमेकांना खाजगीत विचारतात आणि संपादकाला मात्र ‘अंक देखणा झाला’ असे कळवतात. मी याच पानावरून सुचवतो, की दिवाळी अंकांनी अनुक्रमणिकेशेजारी मानधनाचे दर छापावेत. कमी असतील तर कमी छापावेत. थोडे देणे ही लाजेची गोष्ट नाही. अंक चालवणे किती कठीण झाले आहे ते वाचकाला कळते. न सांगता थोडे देणे, आणि न विचारता थोडे घेणे, ही मात्र लाजेची गोष्ट आहे.

पुणे सर्जनशील शहरांच्या यादीत जावे की न जावे, याविषयी माझे काही म्हणणे नाही. जावे, पाटी लावायला जागा पुष्कळ आहे. पण त्या अर्जावर सही करण्यापूर्वी तांबट आळीतल्या एखाद्या घरापुढे उभे राहावे. हातोडीचा ठोका थांबण्याची वाट पाहावी. आणि वारसा, परंपरा, अभिमान यांतला एकही शब्द न उच्चारता विचारावे, “आज घडणावळ काय पडली?” जे उत्तर मिळेल ते अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहावे. ते लिहिण्याची लाज वाटत असेल, तर अर्ज करू नये.